मंजुरी फेब्रुवारीत, मासे डिसेंबरात: बडोद्यातल्या एका मेंदू-संशोधिकेची फेलोशिप

हे प्रकरण एका तरुण मेंदू-संशोधिकेचं आहे. बडोद्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात ती फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या पाच वर्षांच्या फेलोशिपवर रुजू झाली. विद्यापीठाचं, फेलोशिपचं आणि तिचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. पैशाचा प्रवास मात्र जसा झाला तसाच मांडला आहे. मी त्या विद्यापीठाच्या संशोधन कक्षात काम करतो, त्यामुळे तिची फाइल पहिल्यापासून माझ्या टेबलावरून जात-येत होती.

ती मूळची बडोद्याचीच. दांडिया बाजारात तीन पिढ्यांचं घर. घरात मराठी, गल्लीत गुजराती. पीएचडी बंगळुरूला केली, नंतर जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. वडिलांना पार्किन्सन्स झाला, आई एकटी पडली, आणि तिने परत यायचं ठरवलं. परत यायचं म्हणजे बडोद्यालाच यायचं, मानेसर किंवा बंगळुरू नव्हे, ही अट तिची स्वतःची होती. पुढच्या बऱ्याच गोष्टी या अटीतून निघाल्या. ती मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात किंवा बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-विकारांच्या संस्थेत गेली असती, तर यंत्रं, प्राणिगृह, खरेदी सांभाळणारी अनुभवी माणसं, सगळं तयार मिळालं असतं. इथे यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

प्रश्न तोच, प्राणी वेगळा

तिचा प्रश्न ऐकायला साधा आहे. एखादा आवाज पहिल्यांदा आला की आपण दचकतो. काही वाईट न घडता तोच आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला, की दचकणं थांबतं. हे दुर्लक्ष मेंदू कसं शिकतो आणि नेमक्या कुठल्या पेशींत काय बदलतं? जर्मनीत ती हे उंदरांमध्ये पाहत होती. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली जागा उंदीर, कवटीत काचेची छोटी खिडकी, आणि आतल्या शेकडो चेतापेशी एकाच वेळी चमकताना दिसतात.

असा सूक्ष्मदर्शक घ्यायचा म्हटला की कोटींची भाषा सुरू होते. तरुण संशोधकांसाठीच्या केंद्राच्या फेलोशिप घ्या, इन्स्पायर फॅकल्टी काय किंवा रामानुजन फेलोशिप काय, संशोधनासाठी मिळतात वर्षाला ७ लाख, म्हणजे पाच वर्षांचे ३५ लाख. तिच्या फेलोशिपची संशोधनासाठीची एकूण रक्कमही तेवढीच होती, मानधन वेगळं. फक्त उपकरणांसाठी पहिला हप्ता मोठा, १६ लाखांचा.

तिने झेब्राफिश निवडला. आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत, भातखाचरांत सापडणारा हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांच्या वर्णनात त्याची नोंद केली. मादी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, अंडी शरीराबाहेरच फळतात, पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे मेंदू बाहेरूनच दिसतो. पाचव्या दिवशी पिल्लू पोहत असतं आणि दचकतही असतं. त्याच्या मेंदूत साधारण १ लाख चेतापेशी असतात. दचकण्याचा हुकूम मुख्यतः पश्चमेंदूतल्या माउथनर पेशींच्या एकाच जोडीकडून सुटतो. ठोका बसला की काही मिलिसेकंदांत पिल्लू कमान करून वळतं आणि निसटतं. हे टिपायला सेकंदाला हजार चित्रं घेणारा कॅमेरा, इन्फ्रारेड दिवे, ठरावीक जोराचा ठोका देणारा स्पीकर आणि एक बरा संगणक पुरतो. माशांच्या टाक्यांच्या रॅकसकट हे सगळं तिच्या पैशांत बसत होतं.

पैसे नाहीत म्हणून बिचारीला विषय सोडावा लागला, असं हळहळणारे बरेच भेटले. मला ते पटत नाही. तिने उंदीर सोडला, प्रश्न सोडला नाही. उलट तरुण संशोधकाने जुन्या प्रयोगशाळेतलंच काम नव्या पत्त्यावर चालू ठेवलं, तर परीक्षक पहिल्यांदा विचारतात, यात तुमचं स्वतंत्र काय? जुन्या मार्गदर्शकाच्या सावलीतून बाहेर पडायला तिला ही टंचाई उपयोगी पडली. पण हे झालं रकमेचं. रक्कम वेळेवर न येण्यातून असला कुठलाही फायदा निघत नाही, आणि या प्रकरणातली खरी अडचण तीच होती.

तीन पंचांगं

फेलोशिपचं वर्ष रुजू झाल्याच्या तारखेला सुरू होतं. सरकारी पैशाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आणि अंड्यातून निघालेला मासा स्वतः अंडी द्यायला लागेपर्यंत तीन महिने जातात. या तीन पंचांगांचा मेळ कोणी घालायचा, हे कुठल्याही मंजुरीपत्रात लिहिलेलं नसतं.

मंजुरीपत्र आलं फेब्रुवारीत. वेगळं खातं, पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या पोर्टलवर नोंदणी, बँकेचा मँडेट फॉर्म असं करत पहिला हप्ता दिसला जूनमध्ये. तोवर मासे आणता येत नव्हतेच. विद्यापीठाच्या प्राणिगृहाची नोंदणी लहान आणि मोठ्या अशा दोन जातींच्या उंदरांपुरती (माउस आणि रॅट) होती. पृष्ठवंशी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर केंद्राच्या समितीची देखरेख असते, आधी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या बैठकीला त्या समितीचा प्रतिनिधी हजर असावा लागतो. त्यांची तारीख मिळेना, मिळाली तेव्हा आमचे पशुवैद्य रजेवर. माशांसाठी जागा, पाण्याची व्यवस्था, आजारी मासा दयेने मारण्याची पद्धत, सगळं लेखी देऊन मंजुरी मिळाली आणि मासे आले डिसेंबरात. म्हणजे साठ महिन्यांतले दहा गेले, आणि यात कोणाची हयगय होती असं फाइल वाचून म्हणता येत नाही. प्राण्यांबाबतची ही काटेकोर तपासणी हवीच. ती चालू असताना फेलोशिपचं घड्याळ थांबवायला मात्र हरकत नसावी.

मधल्या काळात अंदाजपत्रक फाटलं. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती. ती जुलै २०२२ मध्ये काढून घेतली गेली आणि दर १८ टक्क्यांवर गेला. तिचा कॅमेरा आणि रॅक मिळून करापूर्वीची किंमत १२ लाख. ६० हजारांच्या जागी कर झाला २ लाख १६ हजार. दीड लाखाहून जास्त फरक, आणि फेलोशिपची रक्कम तीच. एवढ्यात माशांचं खाद्य आणि रसायनं वर्षभर निघाली असती.

खरेदीचं फार सांगत नाही. ज्याने केली आहे त्याला माहीत आहे, ज्याने केली नाही त्याला खरं वाटणार नाही. वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाही याचा दाखला पोर्टलवरूनच काढायचा, मग निविदा, मग तुलनात्मक तक्ता. ऑर्डर ऑक्टोबरात गेली. परदेशी कॅमेरा पोहोचला एप्रिल २०२३ मध्ये.

आता इथे नीट लक्ष द्यावं लागेल, कारण गाडी इथेच अडकली. ३१ मार्च २०२३ ला तिच्या १६ लाखांपैकी प्रत्यक्ष खर्च दिसत होता पावणेदोन लाखांच्या आसपास. १४ लाख १६ हजारांची ऑर्डर दिलेली होती, पण सगळा माल आला नव्हता, म्हणून पैसे दिलेले नव्हते. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत यूसी, खर्च झालेल्या पैशाचं असतं. त्यावर शिल्लक दिसली सव्वाचौदा लाख. वरच्या कार्यालयातून पाहणाऱ्याला वाटणार की या बाईंना पैसे वापरताच येत नाहीत, पुढचा हप्ता कशाला? शिवाय हल्ली पैसा संस्थेच्या बँकेत पडून राहत नाही, सरकारी तिजोरीतल्या खात्यात खर्चाची मर्यादा तेवढी मिळते आणि वर्ष संपलं की न वापरलेली मर्यादा परत जाते. नव्या वर्षात ती पुन्हा उघडावी लागते. त्यामुळे एप्रिलमध्ये कॅमेऱ्याची पेटी दारात, आणि देण्यासाठी खात्यात शून्य. तिचं मानधनही पुढच्या हप्त्याबरोबर यायचं, ते एप्रिलपासून बंद.

ती लेखा विभागात विचारायला गेली की तिथले वयस्कर भाई अगदी मायेने सांगायचे, "बेन, पैसा मंजूर छे, पण आव्या नथी." घरी आई विचारायची, "पगार झाला का गं?" दोन्ही ठिकाणी तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तिने जर्मनीतली शिल्लक मोडायला सुरुवात केली होती, हे मला फार नंतर कळलं.

उसनवारीचा ठराव

मे महिन्यात ती संशोधन कक्षात आली ती मानधनासाठी नव्हे. माशांसाठी आली. डिसेंबरात आणलेल्या माशांची पुढची पिढी नुकतीच अंडी द्यायला लागली होती. खाद्य, खास करून पिल्लांना लागणारा आर्टेमिया हा बारीक जिवंत कोळंबीसारखा जीव, आरओचं पाणी, त्यात घालायचे क्षार आणि पाणी अठ्ठावीस अंशांवर ठेवायची वीज यांचा खर्च थांबवता येत नव्हता. बडोद्यात मे महिन्यात पाणी तापवायचं नसतं, गार करायचं असतं, आणि एसी बंद पडला तर एका दुपारीत सगळं संपतं. मासे गेले तर नवे आणून पुन्हा तीन महिने. यूसीचा पत्रव्यवहार होईपर्यंत प्राणी थांबत नाहीत.

आमच्यापुढे तीन रस्ते होते. विभागप्रमुखांचा प्रस्ताव होता की तिला तात्पुरती व्याख्याती म्हणून पगार द्यावा, बदल्यात पूर्ण आठवड्याची तासिका घ्यावी. माणुसकीचा वाटतो, पण घातक. तासिका एकदा लागली की हप्ता आला तरी सुटत नाही. दुसरा रस्ता देणगीचा. बडोद्यात औषध कंपन्यांची वाण नाही, एक-दोघांशी बोलणंही झालं. त्यांना औषधाकडे जाणारं काम हवं होतं, किंवा पाटी लावता येईल अशी खोली. माशांच्या पाच महिन्यांच्या खाद्याला पाटी कुठे लावणार?

तिसरा रस्ता आमच्याच कपाटात होता. प्रत्येक सरकारी प्रकल्पाबरोबर संस्थेला ओव्हरहेड मिळतो. रामानुजनमध्ये तो वर्षाला ६० हजार असतो, मोठ्या प्रकल्पांत जास्त. वीज, जागा, कार्यालय यांच्या खर्चापोटी तो असतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं एका शीर्षाखाली साठत होता आणि त्याचं काय करायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. कक्षाने मांडलं की यातल्या १२ लाखांचा फिरता निधी करावा. मंजूर पण न आलेल्या अनुदानापोटी त्यातून उचल द्यावी, हप्ता आला की आधी ती वळती करावी.

वित्त अधिकाऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचे मुद्दे पोकळ नव्हते. हप्ता आलाच नाही तर? ऑडिटने विचारलं की एका योजनेचा पैसा दुसरीकडे का वळवला, तर सही कोणाची? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी मर्यादा घालून घेतल्या: उचल फक्त मानधन आणि रोजच्या खर्चासाठी, उपकरणांसाठी कधीच नाही, एका व्यक्तीला ४ लाखांपर्यंत, मंजुरीपत्राची प्रत आणि फेलोची लेखी संमती आवश्यक. जून २०२३ मध्ये ठराव झाला. तिला दरमहा ६० हजार चार महिने, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि खाद्य-पाण्यासाठी वेगळे ८० हजार मिळाले. कॅमेऱ्याच्या विक्रेत्याला आम्ही पत्र देऊन मुदत मागितली. तो अहमदाबादचा, विद्यापीठांशी धंदा करून मुरलेला, फार न ताणता कबूल झाला.

ऑक्टोबरात हप्ता आला. उचल एका नोंदीत वळती झाली. ऑडिटने एक ओळीचा शेरा मारला, उत्तर दिलं, विषय मिटला.

माझ्या मते आतापर्यंत तिच्या कामाला सर्वांत जास्त उपयोगी पडलेले पैसे म्हणजे हे ३ लाख २० हजार. आणि ते कोणी दिलेच नव्हते, फक्त आधी दिले होते. तरुण शास्त्रज्ञांच्या निधीविषयी बोलताना आपण सदैव रकमेवर भांडतो. देशाचा संशोधनखर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, त्यामुळे ते भांडण योग्यच आहे. पण ज्येष्ठ प्राध्यापकाचा एक हप्ता अडला तर त्याचे दुसरे दोन प्रकल्प चालू असतात, पगार वेगळा येतो, विद्यार्थी आधीच्या फेलोशिपवर असतात. नवख्याचं सगळं एकाच दोरीला बांधलेलं असतं.

पूर, विद्यार्थिनी आणि पहिला निबंध

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरच्या माशांच्या खोलीतही पाणी आलं. वीज गेली. पिल्लांचे ट्रे आणि कॅमेरा वेळेत वर नेले, मोठ्या टाक्या नेता आल्या नाहीत. निम्म्याहून जास्त मासे गेले. या वेळी उचल मागायला कोणाला बैठक घ्यावी लागली नाही, अर्ज तिसऱ्या दिवशी मंजूर झाला.

तिची पहिली पीएचडी विद्यार्थिनी गुजरात सरकारच्या 'शोध' शिष्यवृत्ती योजनेवर आहे. महिना १५ हजार आणि वर्षाला २० हजार आकस्मिक खर्च. त्याच खोलीत दुसऱ्या प्रकल्पावरचा मुलगा नेट उत्तीर्ण, त्याला जेआरएफचे, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या केंद्राच्या संशोधन फेलोशिपचे, जानेवारी २०२३ पासून ३७ हजार आणि घरभाडं वेगळं. काम दोघांचं सारखंच. मुलीने कधी तक्रार केली नाही, पण संध्याकाळी शिकवण्या घेते आणि म्हणून रात्रीचे प्रयोग मुलाच्या वाट्याला येतात. मार्गदर्शिकेच्या निधीची चर्चा करणाऱ्या कुठल्याच कागदावर ही मुलगी दिसत नाही.

पहिला स्वतंत्र निबंध २०२५ च्या सुरुवातीला स्वीकारला गेला, रुजू झाल्यावर तीन वर्षांनी. मुदत संपायला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

मुदतीनंतर काय

बडोद्यात शिष्यवृत्तीचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांचं नाव येतंच. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्यासोबत करार होता, परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा सोडून त्यांना यावं लागलं. त्यांना इथली नोकरी का सोडावी लागली हे सर्वांना माहीत आहे. अस्पृश्य म्हणून या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, आणि त्या अन्यायाची तुलना कोणाच्या फेलोशिपच्या अडचणीशी होऊ शकत नाही. मी बोलतोय ते कराराच्या मजकुराबद्दल. त्या कागदात निदान पुढचं पद लिहिलेलं होतं. आजच्या फेलोशिपच्या कागदात पाच वर्षांनंतरची ओळच नसते. यजमान संस्था 'नियमित पदासाठी विचार करू' असं पत्र देते. आम्हीही दिलं होतं. त्यातलं 'विचार करू' हे कोणालाच बांधून घेत नाही.

पुढचं अनुदान मिळवायला गेलं तर तिढा आणखी घट्ट होतो. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट सुरू केली आहे, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. तिच्या फेलोशिपच्या सगळ्या संशोधन-रकमेच्या जवळपास दुप्पट. पण ती नियमित पदावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. आमच्या कुलसचिवांनी तिच्या कराराच्या पदाला नियमित म्हणून सही द्यायला नकार दिला, आणि कागदाने पाहिलं तर बरोबर दिला. अनुदान नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून अनुदान नाही. भारत सरकार आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपला आधीपासून पगारी पद लागत नाही, म्हणून तिने तिकडे अर्ज केला आहे. तिथे स्पर्धा देशभरची आहे.

खरेदीत मात्र थोडं मोकळं झालं. जून २०२५ मध्ये वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक साहित्याची थेट खरेदी १ लाखावरून २ लाखांपर्यंत आणि खरेदी समितीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांपर्यंत नेली. तिच्या कॅमेऱ्याला ही सोय असती, तर ऑर्डर बहुधा काही महिने आधी गेली असती.

आज फिरत्या निधीतून आणखी दोघांनी उचल घेतली आहे. एकाची वसूल झाली. दुसऱ्याची योजनाच मधे बंद पडली आणि १ लाख ९० हजार अडकले आहेत, त्यामुळे वित्त अधिकारी आता जामीनदार मागत आहेत. कक्षाचं म्हणणं आहे की जामीन संशोधकाने नव्हे, विभागाने आपल्या ओव्हरहेडच्या वाट्यातून द्यावा. विभागप्रमुखांना ते मान्य नाही. तिच्यासाठी सहायक प्राध्यापकाची एक जागा जाहिरातीत घ्यावी, असा प्रस्तावही त्याच बैठकीपुढे आहे. त्यात तासिकेची अट किती घालायची यावर दोन मसुदे फिरत आहेत, एकात आठवड्याला सहा तास, दुसऱ्यात सोळा. फेलोशिपची मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते. जाहिरात ते नेमणूक हा आमच्याकडचा प्रवास वर्षाच्या आत क्वचितच आटोपतो, म्हणून ही जाहिरात २०२५ संपायच्या आत निघावी असं टिपण मी फाइलवर ठेवलं आहे.